गोगलगायी घालवायच्या तर आधी दाण्यांची डबी लपवा

पहाटे साडेपाचला नळ आले म्हणून उठलो, हॉलमधला लाइट लावला आणि फिश टँककडे नजर गेली. समोरच्या काचेवर गोगलगायीच गोगलगायी. मोजायला लागलो, साठपर्यंत गेलो आणि नाद सोडला. तेवढ्यात आई मागून आली. "काऊन रे, हे काय चढून राहिलं काचेवर?" मग चष्मा लावून जवळून पाहिलं आणि म्हणाली, "घेऊन जा गे मारबत!" नागपूरबाहेरच्यांसाठी सांगतो, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे काळी आणि पिवळी मारबत निघते आणि रोगराई, महागाई, जे जे नको ते लोक तिच्यासोबत धाडून देतात. टँकमधल्या गोगलगायी मात्र ती नेत नाही. त्या मलाच काढाव्या लागल्या, आणि पहिल्या खेपेला मी त्या कामाचा पार विचका केला. तो विचकाही पुढे सांगतो, कारण नव्याने टँक ठेवणारा माणूस हमखास तिथेच घसरतो.

माझा टँक साधा दोन फुटी. चोवीस बाय बारा बाय बारा इंच, रेती आणि दगड धरून पन्नासेक लिटर पाणी. तेव्हा त्यात आठ गप्पी, सहा कोरी (तळाशी फिरणारे छोटे मासे) आणि मूठभर लाल चेरी झिंगे होते. गोगलगाय मी कधी विकत आणली नाही. आणली होती ती वालिसनेरिया नावाच्या पाणवनस्पतीची चाळीस रुपयांची जुडी, घरी आणून नळाखाली धुतली आणि लावली. पानाच्या मागे जेलीचा एखादा ठिपका चिकटलेला असणार. पुढचं सगळं त्या ठिपक्यातून झालं.

एक ठिपका पुरतो, कारण यातल्या बहुतेक जाती उभयलिंगी असतात. जोडी जमायची वाट पाहावी लागत नाही, वेळ पडली तर एकटी गोगलगायसुद्धा अंडी घालते. पण अंडी घालायला अन्न लागतं, आणि ते अन्न आपण देत असतो. माशांनी न खाल्लेले दाणे, सडकी पानं, काचेवरचं शेवाळ. काचेवरच्या गोगलगायी हा तुमच्या जास्तीच्या दाण्यांचा हिशेब आहे, असं समजूनच कामाला लागा. हिशेब न मिटवता नुसत्या गोगलगायी काढत राहिलात तर महिनाभरात तेवढ्याच परत.

आणखी एक भीती आधीच काढून टाकतो. मेलेल्या माशावर गोगलगायी बसलेल्या दिसल्या की "गोगलगायींनी मासा खाल्ला" असं लोक सांगत सुटतात. मासा आधीच मेलेला असतो, त्या फक्त साफसफाईला येतात. पिवळ्या, कुजत्या पानाचंही तेच. चार-सहा गोगलगायी टँकमध्ये असणं वाईट नाही. साठ असणं म्हणजे दाणे जास्त होऊन राहिले.

पहिली पायरी: कोणती आहे ते ओळखा

एक गोगलगाय पांढऱ्या बशीत काढा आणि शंखाचं टोक वर करून, तोंड आपल्याकडे करून धरा. तोंड डाव्या हाताला उघडत असेल तर ती ब्लॅडर स्नेल, शास्त्रीय नाव फायसेला. तपकिरी, अंगावर सोनेरी ठिपके, फार तर एक-दीड सेंटीमीटर, आणि गोगलगायीच्या मानाने चांगलीच पळणारी. काचेच्या आतल्या बाजूने सरकताना तिला बाहेरून बघा. "गोगलगाय आणि पोटात पाय" ही म्हण आपण माणसांना लावतो, पण इथे ती अक्षरशः दिसते. सगळं पोट म्हणजेच एक सपाट पाय, आणि पुढे इवलंसं तोंड उघडतं-मिटतं, कानशीसारख्या जिभेने काच खरवडत जातं. शास्त्रज्ञांनी या प्राण्यांना गॅस्ट्रोपॉड म्हटलं, त्याचाही अर्थ पोट आणि पाय असाच.

तोंड उजवीकडे आणि शिंगं बारीक दोऱ्यासारखी नसून त्रिकोणी, पसरट असतील तर ती लिम्निया. ही मात्र चांगल्या हिरव्या पानांनाही तोंड लावते, हिला सवलत देऊ नका.

जिलेबीसारखा सपाट वेटोळा शंख असेल तर रॅम्सहॉर्न. लालसर दिसते ती रक्तातल्या हिमोग्लोबिनमुळे. आपल्याकडच्या तळ्यांत, धानाच्या बांध्यांत हिची एक मोठी तपकिरी देशी जात सापडते, आणि ती गुराढोरांच्या रक्तात राहणाऱ्या कृमींची मधली यजमान आहे. त्या कृमींच्या पिल्लांनी माणसाच्या कातडीलाही खाज सुटते. म्हणून तळ्यातून उपटून आणलेली वनस्पती सरळ टँकमध्ये टाकू नये, आणि तिला हात लावला तर साबणाने धुवावेत.

चौथी मलेशियन ट्रम्पेट. मेहंदीच्या कोनासारखी लांबुळकी, टोकदार. दिवसा रेतीत, रात्री बाहेर. ही अंडी घालत नाही, सरळ पिल्लं देते, आणि नराशिवाय देते. शंखाला झाकण असतं, संकट आलं की ते ओढून आत बसते. त्यामुळे तीच सगळ्यात चिवट. मात्र ती रेती उकरून मोकळी ठेवते, म्हणून मला स्वतःला ती थोड्या संख्येत चालते.

माझ्या काचेवर होत्या त्या ब्लॅडर आणि ट्रम्पेट, दोन्ही.

दुसरी पायरी: दाणे

सगळ्यात जास्त फरक इथे पडतो आणि सगळ्यात जास्त भांडणंही इथेच होतात. मी सकाळी दाणे टाकायचो. दुपारी आई, "बिचारे तोंड वर करून राहिले" म्हणून. संध्याकाळी बाबा, मारी बिस्किटाचा चुरा. घरात कोणी पाहुणा आला आणि सोबत लहान मूल असलं की त्यालाही एक चिमूट, कौतुक म्हणून. मासे तोंड वर करतात ते भुकेने नाही, काचेजवळ आलं की खायला मिळतं हे त्यांना कळलेलं असतं. माशाचं पोट साधारण त्याच्या डोळ्याएवढं, असा एक ठोकळ हिशेब मासे पाळणारे लोक सांगतात. आठ गप्पींचे आठ डोळे डोळ्यांसमोर आणा आणि तुमची चिमूट त्याशेजारी ठेवून बघा.

नियम एवढाच, दिवसातून एकदा, आणि दोन मिनिटांत सगळं संपेल इतकंच. दोन मिनिटांनी एकही दाणा तरंगताना किंवा रेतीवर पडलेला दिसला तर उद्या त्यातून कमी करा.

नियम सगळ्यांना पाठ होता, पाळत कोणीच नव्हतं. शेवटी उपाय बाबांच्याच टेबलावर सापडला. त्यांच्या बीपीच्या गोळ्यांची डबी असते ना, सोमवार ते रविवार असे सात कप्पे असलेली, तशी एक केमिस्टकडून आणली. रविवारी रात्री बसून सहा कप्प्यांत मोजून दाणे भरतो, सोमवारचा कप्पा रिकामा. बाबांचा स्वतःचा सोमवारचा उपास असतो, त्यामुळे माशांचाही सोमवार त्यांना लगेच पटला. मोठी डबी मी कपाटात वर ठेवली, आईचा हात पोहोचत नाही तिथे. आता कोणीही दाणे टाको, कप्पा रिकामा दिसला की झालेलं आहे हे कळतं. तब्येतीने ठीक असलेल्या मोठ्या माशांना आठवड्यातून एक उपास काही करत नाही. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना मात्र उपास नको.

कोरीसारख्या तळाशी खाणाऱ्या माशांसाठी बुडणारी वडी टाकावी लागते, आणि गोगलगायींची खरी मेजवानी तीच. रेतीवर काचेची लहान वाटी ठेवा आणि वडीचा तुकडा लाइट बंद केल्यावर त्या वाटीतच टाका. तासाभराने वाटी उचलली की उरलेली वडी आणि तिच्यावर जमलेल्या दहा-बारा गोगलगायी एकदम बाहेर.

टँकचा लाइट सहा तासांच्या वर ठेवू नका. खिडकीचं ऊन टँकवर येत असेल तर पडदा लावा. शेवाळ कमी झालं की दुसरी पंगतही उठली.

तिसरी पायरी: काकडीची रात्र

दाणे कमी केल्यावर तीन-चार दिवस जाऊ द्या, त्यांना भूक लागू द्या. मग आमिष.

काकडीची बोटाएवढी जाड चकती घ्या, किंवा पत्ताकोबीचं एक पान. भाजी मिठाच्या पाण्यात नीट धुवा आणि साल काढा, कारण फवारणीचा अंश राहिला तर आधी झिंगे मरतात. मग छोट्या गंजात पाणी उकळून ती दोनेक मिनिटं आत सोडा, मऊ पडली की थंड पाण्यात. मऊ केलेली काकडी बुडते आणि गोगलगायींना खरवडायला सोपी जाते. तरीही तरंगलीच तर स्टीलच्या काटा-चमच्यात खोचा, वजनाने खाली बसते.

रात्री दहाला लाइट बंद केला की काकडी टँकच्या पुढच्या कोपऱ्यात ठेवा, जिथे सकाळी हात सहज जाईल. उजाडायच्या आत उठायचं, कारण लाइट लागला आणि मासे हलायला लागले की ट्रम्पेट गोगलगायी रेतीत शिरतात. काकडी झटक्यात उचलू नका, अर्ध्या तिथेच गळून पडतील. आधी खालून जाळी सरकवा, मग दोन्ही एकत्र वर घ्या. माझ्या पहिल्या रात्रीची काकडी वर आली तेव्हा तिचा हिरवा रंग दिसत नव्हता, नुसते तपकिरी मणी जडवल्यासारखे. मधला गर खाऊन आरपार भोक पाडलेलं, आणि त्या भोकात दाटीवाटीने पिल्लं, तिळाएवढी. काकडी सकाळी काढलीच पाहिजे. दिवसभर आत राहिली तर सडते, पाणी दुधाळ होतं, आणि आपणच गोगलगायींना जेवण घातल्यासारखं होतं.

हे एक दिवसाआड करा. पहिल्या आठवड्यात खूप निघतात, दुसऱ्यात कमी, मग एकदम दोन-चारच येतात आणि आपल्याला वाटतं झालं. झालेलं नसतं, अंड्यांतून नवी पिढी यायची असते. महिना-दीड महिना धरून चला.

काकडीऐवजी बाटलीचा सापळाही चालतो. पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली, वरचा तिसरा भाग कापून उलटा आत बसवायचा, आत एक गोटी आणि बुडणारी वडी, बाजूला गरम सुईने भोकं. गोगलगाय नरसाळ्यातून आत जाते, बाहेरची वाट तिला सापडत नाही. पण गप्पीचं पिल्लूही तसंच अडकतं, आणि बंद बाटलीत रात्रभर गुदमरतं. लहान मासे असतील तर मी काकडीच सुचवेन.

निघालेल्या गोगलगायींचं काय करायचं, हा प्रश्न आमच्या घरी जेवणाच्या ताटावर चर्चिला गेला. आईला त्या चिरडणं पाप वाटतं. तिच्यासाठी बाल्कनीत एक काचेची बरणी आहे, पाणी आणि वालिसनेरियाच्या दोन काड्या, त्यात काही अजून सुखाने राहतात. बाकीच्या मी प्लास्टिकच्या घडीत एका फटक्यात चिरडतो आणि पाच-सहा टँकमध्ये टाकतो, गप्पी तुटून पडतात. एका वेळी त्याहून जास्त टाकू नका, सडलं तर पाण्यात अमोनिया वाढेल, आणि तो माशांना विष. उरलेल्या घट्ट बांधून कचऱ्यात. फुटाळा, अंबाझरी, गांधीसागर यांपैकी कुठेही सोडू नका. नालीतही नको, आपल्या नाल्या शेवटी नाग नदीलाच मिळतात. ब्लॅडर स्नेल मूळची उत्तर अमेरिकेतली आहे. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या जलकुंभीने अंबाझरीचं काय केलं, ते तलावाच्या काठावर उभं राहून आपण सगळ्यांनी बघितलेलं आहे.

चौथी पायरी: अंडी आणि रेती

अंडी पारदर्शक जेलीत असतात, आत बारीक ठिपके. काचेवर, अनुबियासच्या पानाखाली, फिल्टरच्या पाइपवर, हीटरच्या वायरवर. टॉर्च काचेला तिरपा लावा म्हणजे चमकतात. मुदत संपलेलं एखादं एटीएम कार्ड काचेवर घासायला उत्तम, पानांवर अंगठ्याचं नख. जेली पाण्यात पडू देऊ नका, कार्डावर घेऊन बाहेर पुसा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात अंडी आठवड्याभरात फुटतात, म्हणून दर चार दिवसांनी एक फेरी मारा.

ट्रम्पेटला अंडीच नाहीत, तिच्यासाठी सायफन. आठवड्यातून एकदा पाव टँक पाणी काढताना नळीचं रुंद तोंड रेतीत खुपसा. घाण, सडके दाणे आणि ट्रम्पेटची पिल्लं एकत्र वर येतात. एका वेळी रेतीचा एकच कोपरा घ्या, सगळी एकदम ढवळू नका. नवीन पाण्यात अँटी-क्लोरीन घाला. मे महिन्यात आणखी एक पथ्य, छतावरच्या टाकीचं दुपारचं पाणी घेऊ नका, हात भाजतो इतकं ते तापलेलं असतं. पहाटेचं पाणी बकेटीत भरून घरात ठेवा.

फिल्टरचा स्पंज म्हणजे गोगलगायींचं बाळंतघर. तो टँकमधून काढलेल्या जुन्याच पाण्यात पिळा, नळाखाली धरलात तर क्लोरीनने त्यातले पाणी साफ ठेवणारे कामाचे जिवाणू मरतात.

जमलं तर ही सगळी मोहीम दिवाळीनंतर सुरू करा. थंडीत पाणी उतरलं की गोगलगायींचं अंडी घालणं मंदावतं आणि मासेही कमी खातात, दोन्ही गोष्टी आपल्या बाजूच्या. एप्रिल-मेमध्ये करायचंच असेल तर आधी एअर पंप लावा. पाणी ३२-३३ अंशांवर गेलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो. ट्रम्पेट गोगलगायी भर दिवसा घोळक्याने वर चढलेल्या दिसल्या तर तो बहुधा त्याचाच इशारा असतो. तेव्हा गोगलगायींचा राग बाजूला ठेवून पाणी बदला.

गोगलगाय खाणारे मासे

दुकानात हा सल्ला पहिल्यांदा मिळतो, आणि दोन फुटी टँकसाठी तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. क्लाउन लोच गोगलगायी फस्त करतो हे खरं, पण तो फूटभर वाढतो. यो-यो लोच त्याहून लहान, तरी चार-पाच इंच होतो आणि त्याला पाच-सहांचा कळप लागतो. झेब्रा लोच तर आपल्याच सह्याद्रीतल्या नद्यांतला, आणि आययूसीएन या निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत तो संकटग्रस्त आहे. गोगलगायींपायी तो विकत घेणं मला पटत नाही. केरळच्या नद्यांतला पी पफर जेमतेम एक इंचाचा आणि दिसायला गोड, पण गप्पींच्या शेपट्या कुरतडतो, आणि गोगलगायी संपल्या की रोज जिवंत खाद्य मागतो.

असॅसिन स्नेल हा त्यातल्या त्यात बरा पर्याय. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची ही गोगलगाय दुसऱ्या गोगलगायी खाते, रेतीत दडून बसते आणि वास लागला की सोंडेसारखी नळी पुढे करून निघते. यात नर-मादी वेगळे असतात आणि वाढही सावकाश, त्यामुळे तिचाच उपद्रव व्हायची भीती कमी. पन्नास लिटरला चार-पाच पुरे. फक्त काम हळू होतं, आणि दाणे कमी केले नाहीत तर तिच्या दुप्पट वेगाने समोरच्या वाढतात.

मोरचूद: माझा विचका

आता ते. काटोलला मामांची संत्र्याची बाग आहे. डिंक्या रोगासाठी खोडाला बोर्डो पेस्ट लावतात, त्याकरता मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, घरात असतंच. मोरचुदाने गोगलगाय मरते एवढं कुठेतरी ऐकलं होतं. मामांकडून येताना कागदाच्या पुडीत थोडं घेऊन आलो आणि एका रात्री अंदाजपंचे दाहोदरसे करत दोन चिमट्या पाण्यात विरघळवून टँकमध्ये ओतल्या. वजन नाही, माप नाही.

गोगलगायी खरंच पटापट गळून पडल्या. मी खूश होऊन झोपलो. सकाळी सगळे झिंगे आडवे, रंग उडालेले. पाणी दुधाळ, झाकण उघडताच कुजका वास. कोरी पृष्ठभागावर येऊन हवा गिळत होत्या. सहापैकी चार गेल्या.

झालं काय ते नंतर समजलं. तांबं गोगलगायीला मारतं तसंच झिंग्याला मारतं, आणि झिंग्याला तर फारच कमी पुरतं. किती मात्रा माशांना सोसेल हे पाण्याच्या जडपणावर ठरतं, म्हणून एकाच्या टँकमध्ये चाललेलं माप दुसऱ्याच्या टँकमध्ये मासे मारू शकतं. वरून शे-दीडशे गोगलगायी एका रात्रीत मेल्या, त्यातल्या बऱ्याच रेतीत, काढताही येत नाहीत अशा. त्या सडल्या आणि अमोनिया चढला. पाणी गरम असलं की तेवढाच अमोनिया जास्त विषारी ठरतो, आणि महिना एप्रिल होता. तांबं नंतर रेतीत धरून राहतं ते वेगळंच. मी पुढे रेती बदलली तेव्हाच परत झिंगे आणले.

बाजारात मिळणाऱ्या "स्नेल किलर" बाटल्यांपैकी पुष्कळ तांब्याच्याच असतात, लेबल वाचा. आणि शेतातल्या शंखी गोगलगायीसाठी मिळणाऱ्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्या टँकच्या आसपासही आणू नका. सोयाबीनवर २०२२ मध्ये मराठवाड्यात गोगलगायी आल्यापासून ते नाव घरोघरी पोहोचलं आहे, पण ते शेताच्या जमिनीवरचं औषध आहे, आणि घरातल्या कुत्र्यामांजरांनाही विषारी.

कोणी औषध टाकून बसलंच असेल तर मेलेल्या गोगलगायी जाळीने काढा, निम्मं पाणी बदला, एअर पंप पूर्ण सोडा, फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बन घाला, दाणे बंद. दुसऱ्या दिवशी परत निम्मं पाणी. अमोनियाची टेस्ट किट तोपर्यंत मागवून ठेवा.

"मग सगळं रिकामं करून नव्याने लावू का?" हा प्रश्न येतोच. रेती उन्हात वाळवणं नागपूरच्या मे महिन्यात काही कठीण नाही, छतावर पसरली की आठवड्यात कडकडीत. पण ट्रम्पेट झाकण लावून बरेच दिवस तग धरते, म्हणून वाळवण्याआधी रेतीवर उकळतं पाणी ओतावं लागतं. दगड मात्र गॅसवर उकळू नका, आतल्या ओलीने फुटतात. आणि एवढं करून फिल्टरमधले जिवाणू मेले की टँक पहिल्या दिवसावर. जुने मासे नव्या, कच्च्या पाण्यात जातात. साठ गोगलगायींसाठी मला हा सौदा महाग वाटतो.

नवीन वनस्पती आणताना

परत तीच चूक नको, म्हणून आता कोणतीही वनस्पती घरी आली की आधी तिच्या मुळाजवळचा स्पंज, शिशाची पट्टी, सडकी पानं काढतो. मासे आणले तर पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतत नाही, मासे जाळीने काढून सोडतो. त्या पाण्यातून तिळाएवढी गोगलगाय सहज येते. मित्राकडून मागून आणलेलं जाळं, सायफन, लाकूड, सगळ्यांची हीच तपासणी.

पानं जाड असतील, अनुबियास किंवा जावा फर्न, तर साध्या घरगुती ब्लीचचं एक माप आणि पाण्याची एकोणीस मापं, त्यात दीड-दोन मिनिटं बुडवा, घड्याळ लावून. लगेच वाहत्या पाण्यात धुवा, मग अँटी-क्लोरीनच्या दुप्पट मात्रेच्या पाण्यात दहा मिनिटं. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, ब्लीचमध्ये दुसरं कोणतंही क्लीनर मिसळू नका. वालिसनेरिया, मॉस, हॉर्नवर्ट यांना ब्लीच सोसत नाही, ती वितळतात. त्यांना तुरटीचं पाणी. लिटरभर पाण्यात मोठा चमचाभर तुरटीची पावडर विरघळवून दोन-तीन तास ठेवलं की मोठ्या गोगलगायी सुटून खाली पडतात. अंड्यांचा मात्र भरवसा नाही. पोटॅशियम परमँगनेटच्या गुलाबी पाण्याचीही तीच गत.

म्हणून बुडवून झालं तरी वनस्पती सरळ टँकमध्ये जात नाही, बाल्कनीतल्या पांढऱ्या बकेटीत जाते. पांढरी अशासाठी की तळाला आलेली गोगलगाय दिसते. सावलीचा उजेड, आठवड्याला पाणी बदल, बाकी काही नाही. चार आठवडे तिथेच, कारण आज जेलीत असलेलं अंडं तोपर्यंत फुटून, वाढून दिसण्याएवढं होतं. बकेटीवर मी स्केचपेनने तारीख लिहितो. मागच्या जावा मॉसला एकोणिसाव्या दिवशी आईने बकेटीत एक गोगलगाय पाहिली, अर्ध्या तांदळाएवढी. ती काढली, मॉस परत तुरटीतून काढलं, बकेट घासली, जुनी तारीख पुसून नवी लिहिली आणि दिवस परत एकपासून मोजायला घेतले.